दुकानातलं हरीण

शिकारीचा एक पावसाळी कोट घ्यायला माणसाने रांग किती खोळंबून ठेवावी? अलास्कात आम्ही सगळेच भिजतो. पण हा आर्विड बायकोला मांडणीमागे हरीण करून उभी करतो आणि स्वतः कोट चढवून दबकत येतो.

"हेल्गा, कोट सळसळला का?"

"सळसळला."

"आता हा रबरी. थेंब शिरायचा नाही."

"हा नाही वाजला. तुझा गुडघा वाजला."

"हरणाला गुडघा काय कळतो?"

"गेल्या वर्षी कळलाच की! हिवाळाभर डब्यातले मासे खाल्ले. यंदा मांस नाही आणलंस, तर मी निघाले आईकडे."

"आधी नीट हरीण हो! मान खाली घालून चर."

"चरतेय. तुझा श्वास ऐकू येतोय."

मग रांगेतून मीच पुढे झाले.

"आर्विड, कोट हिला घाल, बंदूकही हिलाच दे. तू घरी बस आणि पोटभर श्वास घे."