सुकी फाटी

माझं माहेर तिकडं मुरबाडला, धसईच्या वर, डोंगराच्या पायथ्याला, आनि दिलं मला इकडं शहापुरात, किन्हवलीच्या अंगाला, म्हंजे डोंगर बदलला, बाकी काय बदललं नाय. तिकडंबी लोकाच्या भातात लावनी, इकडंबी लोकाच्याच भातात, आनि दिवाळी झाली का बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर. लग्नात आय मला एक भांडं देऊ शकली नाय, पन म्हनली, गो, ध्यानात ठेव, पावसाच्या आदी जिची फाटी घरात, तिचीच चूल पेटती. फाटी म्हंजे चुलीची लाकडं, ताई, तुमाला कुठनं ठाऊक असनार.

आता भट्टीवरनं मानूस परत येतो कदी, तर मिरग तोंडावर आल्यावर. मग रानात जायचं आनि मिळंल ते तोडायचं, ओलंच. ओलं लाकूड काय करतं सांगू तुमाला, आदी रडतं. टोकाला फेस येतो, फसफसतं, घरभर धूर, फुंकून फुंकून डोळे जातात पन जाळ नाय. मी काय नाय केलं? बारीक चिरून घातलं, राख उपसून चुलीला वारा दिला, कोंबली नाय, दोन-दोनच घातली, चुलीच्या वर बांबूची ताटी टांगून तिच्यावर वाळवली, तरी भाकर आतनं कच्चीच. गॅसची टाकी हाय ना, ती बघा कोपऱ्यात, तिच्यावर गोधड्या ठेवते. पावसात गाडी वाडीवर चढत नाय, आनि चढली तरी भरायची कशानं.

माझा मानूस पावसातच गेला. आमच्या वाडीची रीत अशी, पावसात कोन गेलं तर घरटी सुकी फाटी काढून द्यायची, कारन ओल्या लाकडावर मढं जळत नाय, अर्धं राहतं. त्या साली सगळेच भट्टीवरनं उशिरा आलेले, सुकं कोनाकडंच नाय. तवा येसूच्या नवऱ्यानं, येसू म्हंजे ही आमची शेजारीन, त्यानं आपल्या घराचा माळा मोडला, बांबू, फळ्या, सगळं काढलं आनि माझ्या मानसाला दिलं. त्यांचं भात मग तो पावसाळाभर खाली ओलीत पडलं, बुरशी आली. मी तेबी बघितलं हाय.

तर गेल्या खेपेला सून गरवार राहिली, सुमन, पहिलटकरीन. मी पोराला म्हनलं, काळू, तू जा भट्टीवर, मी आनि सुमन नाय येत. आख्खा उन्हाळा मी रान तुडवलं. ऐनाची, धावड्याची फाटी, वाजवली का टनटन करायची अशी. पडवी वळचनीपर्यंत भरली. कशाला, तर बाळंतिनीच्या बाजेखाली निखारे ठेवायचे, आय आनि पोर दोगांना शेक द्यायचा, आंघोळीला पानी ऊन करायचं. ओल्या लाकडाचा निखारा पडत नाय, त्याचा धूरच होतो. सुमन त्या ढिगाकडं बघून हसायची, म्हनायची, आत्या, एवढ्यात तर लगीन लागंल कोनाचं.

आनि आखाडात येसूचा नवरा गेला. पाऊस असा का पलीकडचं घर दिसंना. ज्यानं त्यानं आनून दिली, पन सगळी ओली. वाडीतले पुरुष माझ्या पडवीत येऊन उभे राहिले. मागत कोन नव्हतं, नुसते ढिगाकडं बघत होते. काळू म्हनला, आय, नाय द्यायची, सुमनचे दिवस भरलेत. त्याचं काय खोटं होतं? येसू मागायला आली असती तर मी भांडले असते बघा, पन ती आलीच नाय. तिच्या दारात बसलेली, आनि तिच्या डोक्यावर माळा नव्हता, तो माझ्या मानसासंगं जळला. मी म्हनलं, न्या. मढ्याला लाकूड लागतं किती, पडवी रिकामी झाली.

मग सुमनला पोरगी झाली. दवाखान्यातनं घरी आनली, आनि चूल परत रडायला लागली. शेकाला निखारा नाय, धूरच धूर. सुमन पोरीला पदराखाली घेऊन कुडाकडं तोंड करून बसायची. येसू सुक्या गोवऱ्या लुगड्यात लपेटून आनायची, तिच्याकडं होत्या त्या सगळ्या आनल्या. त्या संपल्या. पोरीची छाती भरली, घरघर सुरू झाली, जीप करून शहापूरला नेली. डॉक्टर म्हनला, चूल आनि बाळंतीन एका खोलीत कशाला ठेवता. मी म्हनलं, खोली एकच हाय.

नाय राहिली पोरगी.

लहान पोराला लाकूड लागत नाय, ताई. त्याला जाळत नायत, मातीत ठेवतात. काळू खड्डा करत होता, पानी भरत होतं, तो उपसत होता, परत भरत होतं.

सुमन मला एकदाच बोलली. आत्या, माझ्या पोरीची ऊब तुमी मेलेल्याला दिली. खोटं नाय ते. आनि नाय दिली असती तर येसूच्या मानसाला अर्धं टाकून आले असते लोक. तेबी खोटं नाय. फुंकता फुंकता मी रडते, धूर हायेच, कोन विचारत नाय.

आता सुमनला परत दिवस गेलेत. भरतात आखाडातच, काय करायचं. काळू एकटा भट्टीवर गेलाय. मी आनि येसू रोज रानात जातो, आनि येसू तिची मोळी तिच्या घरी नेतच नाय, माझ्या पडवीत टाकती आनि जाती. सुमन ती उचलून रचती.

आमी दोगी आता म्हाताऱ्या. देवाला मी दुसरं काय मागत नाय. सुमनची कूस सुखरूप उजवू दे, पोराला धड श्वास दे. आनि आमा दोगींना न्यायचं तर वैशाखात ने बाबा, रान सुकं असतं तवा. पावसात आमाला हात लावू नको.