गोल्फमध्येही आऊट असतो
तुम्हाला माझ्या मेव्हण्याचं सांगितलं का? नितीन, वय पंचेचाळीस. अमेरिकेतून आला तो गोल्फच्या काठ्या घेऊनच. “भावोजी, बोरिवलीत पब्लिक गोल्फ कोर्स कुठे आहे?”

म्हटलं, “अरे, इथे स्कूटर लावायला जागा नाही!”

तरी क्लबांत फोन लावले. मेंबरच्या ओळखीशिवाय कोणी गेटच्या आत घेईना. नितीन तोंड पाडून बसला आणि बायको माझ्याशी बोलेना. शेवटी रविवारी त्याला सोसायटीमागच्या मैदानात नेलं. तिथे चार-पाच मॅच एकमेकींत घुसलेल्या. नितीनने टोपी नीट केली आणि असा टोला हाणला की बॉल थेट दुसऱ्या मजल्यावर, सावंतकाकूंच्या बाल्कनीत.

“काय शॉट आहे!” नितीन नाचायला लागला.

शेजारच्या मॅचच्या टकल्या अंपायरने बोट वर केलं. “आऊट!”

“अहो, मी गोल्फ खेळतोय!”

“काहीही खेळ रे. डायरेक्ट घरात गेला की आऊट. आणि ज्याने मारला, त्यानेच आणायचा.”

नितीन वर गेला आणि हात हलवत परत आला.

“काकू बॉल देत नाहीत, भावोजी. म्हणतात, आईला घेऊन ये.”