नाव नसलेली चिठ्ठी

उदगीरच्या बसस्टँडवर नांदेडच्या गाडीसाठी रांगेत माझ्यामागं मायलेकी होत्या.

"ही शेंगाची चटणी कुणाला गं, लुंबिनी?"

"विद्यापीठातल्या गणिताच्या सरांना. तास संपला की ते चिठ्ठ्या घेतात. काय समजलं न्हाई ते लिहायचं, नाव न्हाई टाकायचं."

"तू काय लिहिलीस?"

"आठवड्याभराचं कायच समजलं न्हाई म्हणून."

"आगं बाई. चिडले असतील."

"न्हाई. म्हणले, वीस चिठ्ठ्यांत हेच आहे, म्हणजे माझंच चुकलं. सगळं पहिल्यापासून शिकवलं. त्याच्यावरच मी पास झाले."

"मग वीसजणांचं भलं झालं की."

"निकालानंतर मी एकेकाला विचारलं, माय. बाकी सगळ्यांनी 'समजलं' असंच लिहिलं होतं."

"...डबा माझ्याकडं दे. गर्दीत सांडशील."