कोपऱ्यातलं तिरकं लाकूड

जुन्या लाकडी घरात थाटलेल्या त्या कचेरीतलं एक तिरकं लाकूड नाहीसं झाल्याचं कळलं, ते तळमजल्यावरचं काचेचं दार अडकलं त्या सकाळी. दुरुस्तीचा कंत्राटदार आणि त्याची आर्किटेक्ट बहीण दारापाशी दबक्या आवाजात बोलत होते. कचेरीत कामासाठी येऊन बाकावर खोळंबलेल्या एका काकांना सगळं ऐकू येत होतं.

“दादा, खांबापासून तुळईला गेलेलं तिरकं लाकूड कुठंय?”

“दार त्यावर आपटत होतं. कापलं.”

“कुणाला विचारून?”

“तूच म्हणालीस, खांबांना हात लावू नकोस. लावलाय का?”

“अरे शहाण्या, त्याच्याशिवाय खांब कलतो! तुळई बघ, दारावर केवढी खाली आलीय.”

“हळू बोल गं. वर बैठक चाललीय.”

“या तुळईवर?”

“सगळी कचेरी आहे.”

“आधी त्यांना खाली आण.”

“साहेबांना काय तोंड दाखवू? टेकू मागवलेत. दुपारपर्यंत येतील.”

“आणि तोवर काय, देव पाण्यात घालून बसू?”

“जिनाही त्याच खांबाला टेकलाय गं.”

“म्हणूनच एकेकाला उतरव. जा, दादा.”

“तूही चल ना.”

काका बाकावरून उठले. वर कुणीतरी खुर्ची सरकवली. भाऊबहीण पहिल्या पायरीशी उभे होते. वरच्यांना अजून कुणी काही सांगितलं नव्हतं.