सुनेसाठी कोळंबीचा पिझ्झा

मासळीच्या दुकानातल्या रांगेत माझ्यापुढचे आजोबा समोरच्या बाईंना विनवत होते.

“ताई, मला पुढे सोडता का? पाव किलो कोळंबीच घ्यायचीय. सून सहाला येतेय हो, पाच वाजून गेले.”

“काका, सकाळीही तुम्ही होतात ना इथे?”

“ती सगळी वाया गेली. चपट्या पावावर चीज पसरलं, वर कच्ची कोळंबी ठेवली. पिझ्झ्याचा कोळसा झाला आणि कोळंबी कच्चीच!”

“अगंबाई! या, व्हा पुढे. आधी कोळंबी लसणावर दोन मिनिटं परतायची. मग पावावर घालून पाच मिनिटं ओव्हनमध्ये.”

“दोनच? नक्की? तीन केली तर?”

“तर रबर चावत बसाल. पण एवढी तगमग कशाला? सुनेलाच करू द्या की.”

“हाच पिझ्झा तेव्हा तिनेच केला होता. कामावरून दमून आली आणि दहा मिनिटांत ताट पुढे ठेवलं. मी म्हणालो, ‘याला जेवण म्हणतात?’ ती गेली, ती आठ महिन्यांनी आज येतेय.”

“मग सरळ म्हणा ना, ‘पोरी, चुकलो.’”

“अहो, ते तोंडातून निघालं असतं, तर या वयात स्वयंपाक कशाला शिकलो असतो?”