साक्ष मी देते

धुळ्याच्या बसस्टँडवर तानुबाई धरणगावच्या बसची वाट पाहत बसली होती. शेजारच्या बाकावर दोन नर्स बोलत होत्या; त्यातल्या धाकटीने मघाशी तिला याच बसची वेळ विचारली होती.

"भाविका, घरी काय सांगशील?"

"नोकरी जमली नाही म्हणेन."

"डॉक्टर रोज पेशंटसमोर तुझी अक्कल काढतात, हे नाही सांगणार?"

"कोणाला खरं वाटेल, कामिनीताई? तेव्हा सगळे खाली मान घालतात."

"तू तक्रार दे. साक्ष मी देते."

"तुमची बदली करतील."

"करू देत. नरडाण्यालाही पेशंट असतातच."

भाविका बॅग उचलून बाहेरच्या रस्त्याकडे वळली. बस लागली.

तानुबाईने विचारलं, "माय, तुले धरणगावले जानं शे ना?"

"नाही, अक्का. परत दवाखान्यात जातेय."

बस निघाली तेव्हा तानुबाईला खिडकीतून दोघी रिक्षात बसताना दिसल्या.