तेवीस नंबरवर वेणूबाई

नाही, पण मला एक सांगा, टीव्ही बघायला माणसाला पंखे किती लागतात? तीन! छताला नव्हे हो, डब्यात! एक त्या प्रोसेसरच्या टाळक्यावर, एक मागं सप्लायला आणि तिसरा मी स्वतः बसवला, कारण झाकण लावलं की आतला माल असा तापायचा की वर पापड भाजून निघाला असता, आणि तुम्हाला सांगतो, तिन्ही पंखे एकदम सुरू झाले की बातम्या देणारी बाई ऐकूच येत नाही, नुसतं तोंड हलवते बिचारी, आणि आमची वेणूबाई आतून ओरडते, 'दळण टाकलंत काय हो?'... दळण! अगं, होम थेटर कॉम्प्युटर म्हणतात त्याला! तसं हे नाव मलाही मुकेशनंच शिकवलं म्हणा. मी सातवी नापास. पण बत्तीस वर्षं अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होतो, कानस मारून बसला नाही असा पार्ट मी जन्मात बघितला नाही. आपल्याला काय, आपण फिटर माणूस, सांगाल ते बसवतो!

आता हे बसवायला सांगितलं कुणी? बायकोनं! म्हणजे झालं काय, साल दोन हजार सहा, आमच्या विहारातल्या महिला मंडळाला सरकारी चॅनलचं बोलावणं आलं. अकरा बाया. पुढं गाणार वेणूबाई, ढोलकीवर तिची धाकटी बहीण विठा, कुळगावची. गेल्या मुंबईला, स्टुडिओत अर्धा तास भीमगीतं म्हणून आल्या, आणि आल्यावर दोन दिवस कुणी तोंड धुवायला तयार नाही, पावडर जाईल म्हणून! बरं, कार्यक्रम दाखवणार कधी? चौदा एप्रिलला, दुपारी चार वाजता. आता तुम्हीच सांगा, चौदा एप्रिलला दुपारी चार वाजता या अकरा बाया कुठं असतात? मिरवणुकीत! टेम्पोवर! माईक हातात धरून! म्हणजे सगळं अंबरनाथ त्यांना टीव्हीवर बघणार, अकरा डोकी सोडून, आणि ती अकरा कोण, तर ह्याच!

मला तर हसूच फुटलं. पण वेणूबाई... तशी ती माझ्याकडे कधी काही मागत नाही, नुसतं सांगते. त्या दिवशी मागितलं. म्हणाली, 'अहो, चाळीस वर्षं गाते मी. गाताना माझं तोंड कसं दिसतं ते मला ठाऊकच नाही. एकदा बघायचंय.'

आता यावर काय चेष्टा करणार? केली असती, सुचली नाही.

गेलो उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात. तिथं मुकेशचा गाळा. मुकेश म्हणजे आपला जुना दोस्त, घरच्यांशी सिंधी बोलतो, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि भाव कमी करायचा नसला की एकदम शुद्ध मराठी. मी म्हटलं, व्हीसीआर दुरुस्त करून दे, आतल्या वायरी उंदरानं खाल्ल्यात. तर कपाळावर हात मारून म्हणतो कसा, 'काका! वीसीआर? साईं, वो चूहा भी समझदार था! कॉम्प्युटर बनाओ! ये कार्ड डालो, इसमें केबल का पिन डालो, टीवी देखो, टाइम लगा के सो जाओ, अपने आप रिकार्डिंग! और चालू टीवी को रोक भी सकते हो!' मी म्हटलं, चालू टीव्ही थांबवायचा? 'हां काका! बीच में उठे, बटन दबाया, वापस आए, वहीं से चालू! दुनिया रुकेगी आप के लिए!'

बास! दुनिया थांबवायला मिळतेय म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? सगळा माल उचलला. फक्त डबा घेतला नाही. म्हटलं, डबा माझ्याकडं आहे, त्या मेलेल्या व्हीसीआरचा! कारण वेणूबाईनं बजावलेलं, शोकेसमध्ये मावलं पाहिजे, घरात ते ऑफिसासारखं उभं कपाट नको. पंधरा दिवस कानस मारली. भोकं पाडली, मदरबोर्ड निजवला, हार्ड डिस्क कोपऱ्यात सरकवली, आणि शेवटी बघतो तर ते टीव्हीचं कार्ड डब्यापेक्षा दीड इंच उंच! झाकण लागेना! मग काय, हॅकसॉ घेतली, झाकणाला फट पाडली, वर कार्ड असं उभं राहिलं जसा कोंबड्याचा तुरा. त्या तुऱ्यावर वेणूबाईनं क्रोशाचा रुमाल घातला. दहा मिनिटांत मशीन बंद! मी रुमाल काढायचा, तिनं घालायचा. 'अगं, त्याला श्वास घेऊ दे!' 'उघडं बरं दिसत नाही, चार माणसं येतात.' म्हणून तो तिसरा पंखा, समजलं? रुमालासाठी! आपल्याला काय, आपण फिटर माणूस, रुमालही बसवला!

पण चालू टीव्ही थांबवायची मजा... अहो, काय सांगू! एकदा मॅच होती, गल्लीतली सगळी जनता आमच्या खोलीत. मी आधीच बटण दाबून मॅच दहा मिनिटं अडवून ठेवली, मग सोडली, आणि आत स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागं ट्रान्झिस्टर बारीक आवाजात चालू. आत जायचो, पाणी पिऊन यायचो, मिशीवरून हात फिरवून म्हणायचो, 'हा आता जातोय हं. पायचीत.' आणि जायचा! 'आता सिक्सर बसणार बघा.' की बसलाच! लोकांचे डोळे पांढरे! रघु केबलवाला, चाळिशीचा बाप्या, तो तर माझ्या पाया पडायला वाकला. 'आबा, माझ्या मेव्हणीचं लग्न कधी जमेल?' मी म्हटलं, पाणी पिऊन येतो!

चार दिवस हवा होती आपली. मग विठा पीठ घ्यायला गेली आणि ट्रान्झिस्टर तिच्या हातात आला. तेव्हापासून त्या डब्यावर आणि माझ्यावर गल्लीत कुणाचा विश्वास नाही. नसू दे. पण कामात आपली चेष्टा नसते. चौदा तारखेच्या आधी आठ दिवस, रोज, चारच्या ठोक्याला ट्रायल घेतली. सरकारी चॅनल आमच्या केबलला तेवीस नंबरवर. तेवीस नंबर, चार वाजता सुरू, साडेचारला बंद. आठही दिवस रेकॉर्डिंग एक नंबर! रोज भुईमुगावरची कीड दाखवायचे, मला ती कीड नावानिशी ओळखू यायला लागली होती. लोडशेडिंगची भीती, म्हणून बॅटरीही जोडली. चौदाला पहाटे उठून पुन्हा तपासलं, तेवीस, चार, साडेचार, आणि गेलो मिरवणुकीला, कारण टेम्पोवरचा जनरेटर सांभाळणार कोण? फिटर!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत अकराच्या अकरा बाया हजर, आणि साड्या कुठल्या, तर स्टुडिओत नेसल्या होत्या त्याच! विठा येताना ढोलकी घेऊन आलेली. मी म्हटलं, 'ढोलकी कशाला? आतून वाजणार आहे.' तर म्हणाली, 'दाजी, तुमच्या आतल्याचा भरवसा नाही.' रघु केबलवालाही आला, भांग पाडून, पेढ्यांचा पुडा घेऊन, एकदम पुढं बसला. का? मला काय माहीत! वेणूबाई बरोबर टीव्हीसमोर, हात मांडीवर, डोळे मिटेनात की हलेनात.

लावलं.

'लग्नसराई महासेल! काठपदर! पैठणी! एकावर एक फ्री!'

साड्या! एक बाई येते, पदर दाखवते, जाते. दुसरी येते, पदर दाखवते, जाते. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. विठा म्हणाली, 'दाजी, आपला नंबर साड्यांनंतर का?' मी पुढं पळवलं. साड्या. आणखी पळवलं. साड्याच, पण जोरात! आणि मग खालून ती पट्टी निघाली हो, लाल पट्टी, सरकत सरकत... आणि वेणूबाई एकेक अक्षर लावून वाचायला लागली, 'आपल्या... अंबरनाथच्या... वेणूबाई आणि मंडळ... यांचे गायन... आत्ता चालू आहे... चॅनल नंबर एक वर... अवश्य पहा!'

म्हणजे तुमच्या लक्षात येतंय का? माझ्या मशीननं अर्धा तास, बॅटरी लावून, तीन पंखे फिरवून काय रेकॉर्ड केलं, तर दुसरीकडं बघा म्हणून!

आणि रघु उठून उभा! छाती ही एवढी! 'काकू, काल सकाळी मी स्वतः गच्चीवर चढलो, तुमचं चॅनल तेवीसवरून उचललं आणि एक नंबरला टाकलं! एकवर कसं स्वच्छ दिसतं, मुंग्या नाहीत! माझं घरचं जाहिरातीचं चॅनल दिलं ढकलून तेवीसला. म्हटलं, आज एक नंबर काकूंचा! सगळ्या अंबरनाथ पश्चिमेनं बघितलं!'

मला तिथल्या तिथं कळलं. आठ दिवसांची ट्रायल, बत्तीस वर्षांची सर्व्हिस, सगळं या महाशयांच्या प्रेमात बुडालं. तोंड उघडलं मी, 'अरे गाढवा' एवढं जिभेच्या टोकावर आलेलं. आणि वेणूबाईकडं लक्ष गेलं. ती रघुकडं बघत होती. 'माझ्यासाठी? एक नंबर दिलास?' तोंड असं झालं होतं तिचं... गाताना कसं होतं ते मी चाळीस वर्षं बघतोय, तसंच. तेवढंच मिळालं होतं तिला त्या सगळ्यातून. ते पण मी काढून घेऊ?

तोवर बाकीच्या दहाजणी सुरू! 'एवढं ढळढळीत लिहिलंय एक नंबर, आणि यांनी तेवीस लावला!' 'मॅचच्या वेळी केलं तसंच!' 'आबांना लाज नाही!' वेणूबाईनं मान वळवली. 'अहो, खरं सांगा. मुद्दाम केलंत?'

म्हटलं, 'हो. जरा गंमत.'

तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतक्या खोड्या केल्या, एक कधी कबूल केली नाही. आणि ही कबूल केली तर सगळ्यांना पटलीसुद्धा, लगेच! कुणी एक प्रश्न विचारला नाही!

मग विठानं काय केलं, मशीनचा आवाज बंद केला, ढोलकी मांडीवर ओढली आणि अकराजणींनी अर्धा तास तिथंच म्हटलं. मागं पैठण्या येताहेत, जाताहेत, खालून पट्टी सरकतेय, आणि पुढं वेणूबाई गातेय. पंखेसुद्धा ऐकू आले नाहीत हो. रघु तर पेढा हातात धरून रडला.

रडून झालं, डोळे पुसले, आणि वळला कुणाकडं? माझ्याकडं! 'आबा, वयानं मोठे आहात म्हणून बोलत नव्हतो. पण माणसानं एवढी तयारी करायची, आणि तुम्ही साधा नंबर बघत नाही? काकूंना काय वाटलं असेल, याचा विचार तरी केलात?' आणि वेणूबाई म्हणतेय, 'सांग बाबा, तूच सांग, तुझं तरी ऐकतील.' पाऊण तास सांगत होता.

मी म्हटलं, 'चुकलं रे. पेढा दे.'